बरोबर कोण आहे?



आपल्या गटांतल्या बायका आता भरपूर फिरतात. तालुक्याची बैठक, जिल्ह्याचा मोर्चा, दोन दिवसांचं शिबिर, राज्याची परिषद. घरचं उरकून, मुलांवर लक्ष ठेवायला शेजारी सांगून, रात्रीची एस.टी. पकडून जातात. त्यासाठी घराघरांत काय झगडा करावा लागला, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. पण या फिरण्याला एक अट चिकटलेली आहे. प्रत्येक वेळी काम असावं लागतं. मध्यंतरी एका बैठकीत मी विचारलं, "कोणाचं बोलावणं नाही, काम नाही, सोबत कोणी नाही, नुसतं बघायला म्हणून दिवसभर एकटी कोण कोण बाहेर गेली आहे?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "मी गेले होते की एकटी. दवाखान्यात." सगळ्याजणी हसलो. हसून झाल्यावर गप्प बसलो.

बाईच्या बाहेर पडण्याला आपल्याकडे नेहमीच कारण लागत आलं आहे. वारी, तीर्थयात्रा, माहेरपण, बाळंतपण, लग्नकार्य. देवाचं किंवा नात्याचं नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिका फिरल्या आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाची लोकस्थिती आणि आपलं प्रवासवृत्त मराठीत लिहिलं. केवढा मोठा प्रवास! पण त्यामागेही विधवांच्या शाळेसाठी निधी उभा करण्याचं काम होतं. चळवळीने देवाच्या आणि नात्याच्या जागी समाजाचं काम आणलं. हे पाऊल मोठं होतं, यात शंका नाही. तरी कारणाची अट तशीच राहिली, आणि आता ती आपणच एकमेकींवर घालतो.

या मागच्या हिवाळ्यात मी एक दिवस एकटी गाडी घेऊन मेळघाटात गेले, तेव्हा हे फार जाणवलं. जाण्याआधी संस्थेतल्या सहकाऱ्यांनी विचारलं, "कसला सर्व्हे आहे?" सर्व्हे नाही, फिरायला चालले आहे, असं सांगितल्यावर एक मैत्रीण काळजीने म्हणाली, "सगळं बरं आहे ना गं घरी?" काम नसताना एकटी बाई बाहेर पडली तर तिचं काहीतरी बिनसलं असणार, हा समज आपल्यातही किती खोल आहे पाहा.

मेळघाट हा महाराष्ट्रातला पहिला व्याघ्र प्रकल्प. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं हे एक. त्याच्या गाभ्यात सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट चढून चिखलदरा, पुढे घटांगवरून सेमाडोह आणि कोलकास, आणि संध्याकाळच्या आत परत, असा माझा बेत होता. मुक्काम करायचा विचार होता, पण एका लॉजवाल्याने फोनवरच सांगितलं, "सिंगल लेडीजना रूम देत नाही." म्हणून सगळं एका दिवसात बसवलं.

सकाळी घाटात धुकं होतं. मोथ्याच्या आसपास गवळ्यांच्या म्हशी रस्त्यावर आलेल्या. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. पंचबोल पॉइंटजवळ कॉफीची झाडं दिसली. समोर दऱ्या, आणि हाक मारली की आवाज फिरून येतो. लोक मुलांची नावं घेऊन ओरडत होते. मी स्वतःचं नाव घेऊन ओरडले. दिवसभर मला 'मॅडम' किंवा 'ताई' म्हणणारं कोणी नसलं, तर मी कोण, हे असं मोठ्याने विचारून बघायला बरं वाटलं. गाविलगडच्या पडक्या तटावर तासभर बसले. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने हा किल्ला घेतला, एवढं शाळेत शिकलेलं आठवत होतं. बाकी काही केलं नाही. कोणाच्या चहाची वेळ माझ्यावर अवलंबून नव्हती.

उद्यानाच्या गाभ्यात आपली गाडी नेता येत नाही. वनखात्याचं नोंदणी केलेलं वाहन आणि गाईड घ्यावा लागतो. वैराटच्या सफारीसाठी फाटकावर गेले, तर पहिला प्रश्न, "बरोबर कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर दुसरा, "मागून येत आहेत का?" गाडीचं भाडं पूर्ण गाडीचं, म्हणजे एकटीने सगळ्यांचं भरायचं. शेवटी अकोल्याच्या एका कुटुंबाने मला आपल्या जीपमध्ये घेतलं. त्यातल्या वहिनींनी आधी "तुमचे मिस्टर नाही आले?" असं विचारलं. मग वैराट येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. उतरताना मात्र हळूच म्हणाल्या, "गाडी शिकायला किती दिवस लागतात हो?" वाघ दिसला नाही. रानगवा दिसला, सांबरं दिसली, पानगळीला लागलेलं सागाचं रान दिसलं. माझ्या मते वहिनींचा तो प्रश्न त्या दिवशीची सगळ्यांत मोलाची गोष्ट होती.

आता काही जणी म्हणतील, गाडी, पेट्रोल, सफारी ही मध्यमवर्गीय चैन आहे, तिला आपल्या अंकात जागा कशाला? हा प्रश्न रास्त आहे. पण मोकळ्या वेळाची मागणी मुळात कामगारांनी केली, हे आपण विसरू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. घरातल्या बाईचा रविवार अजून यायचा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं, की दिवसभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के, तर पुरुष फक्त २६ टक्के. जे करतात त्यांतही स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटं काम करतात आणि पुरुष ९७. ही पाच तासांची रोजची वेठ आहे तोवर 'तुला वेळ मिळत नाही का?' या प्रश्नाला अर्थ नाही. वेळ मिळत नाही, तो कोणीतरी वापरत असतं. म्हणून विरंगुळा हा हक्काचा प्रश्न आहे. आपल्या घटनेने देशभर मुक्त संचाराचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्यात 'कामापुरतं' असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि तरीही, हे जंगल फक्त माझ्या विरंगुळ्यासाठी नाही. घटांगच्या पुढे रस्त्याच्या कडेने कोरकू बायका डोक्यावर जळणाच्या मोळ्या घेऊन एका मागोमाग चाललेल्या दिसल्या. सेमाडोहला चहाच्या टपरीवर त्यांच्यातल्या दोघींशी बोलणं झालं. एकीने मला विचारलं, एकटी कशी आलीस, भीती नाही वाटत? मी तोच प्रश्न त्यांना विचारला. त्या म्हणाल्या, आम्ही एकट्या जातच नाही. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला जावं लागतं, आणि त्याच फुलांसाठी अस्वलंही येतात. चार-पाच जणींनी बरोबर असावं लागतं. ज्या रानात मी एकटेपणा शोधत गेले, तिथे त्यांना सोबत शोधावी लागते. माझ्या जाण्यात काही चुकीचं आहे, असा याचा अर्थ मी लावत नाही. एकाच वाटेवर आम्हा दोघींच्या वाट्याला वेगळी जोखीम आणि वेगळे श्रम आहेत, आणि ते ध्यानात ठेवूनच मोकळेपणाची मागणी करायला हवी, एवढं कळलं.

याच मेळघाटातल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी १९९३ साली महाराष्ट्र हादरला होता. पुढे वाघासाठी गाभ्यातली गावं उठवली गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने काही दारं उघडली. नवरा-बायको दोघांच्या नावाने संयुक्त हक्कपत्र द्यायचं, वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, असं त्यात आणि त्याच्या नियमांत आहे. पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड रान पुन्हा उभं केलं, हेही याच भागातलं उदाहरण. पर्यटकांना रान मोकळं आणि वेचणाऱ्या बाईला दटावणी, असा भेद असेल तर तो आपल्याला मान्य होऊ नये.

आणि जंगलात नोकरी करणाऱ्या बायकांचं काय? आता वनरक्षक, गाईड म्हणून त्या जागोजागी दिसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या सर्वेक्षणासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये मेळघाटात हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपलं जीवन संपवलं. वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाबद्दल त्यांनी लिहून ठेवलं होतं. कोलकासला सिपनेच्या वळणावर बसले असताना हे मनातून जाईना. हरिसाल तिथून पुढे, त्याच रस्त्यावर आहे. वाघाच्या रानात हिमतीने काम करणाऱ्या बाईला कचेरीतल्या माणसांची भीती बाळगावी लागावी, यापेक्षा आपल्या व्यवस्थेबद्दल आणखी काय सांगायचं?

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. एकटीने येणाऱ्या बाईला सफारीत एक जागा घेता यावी, पूर्ण गाडीचा भुर्दंड पडू नये. एकट्या बाईला खोली नाकारणाऱ्या लॉजबद्दल आपल्या गटांनी लेखी तक्रार करावी. रस्त्यावर, फाटकावर स्वच्छतागृहं हवीत. त्या दिवशी वापरण्याजोगं स्वच्छतागृह मला दोनदाच मिळालं, म्हणून दिवसभर पाणी बेताने प्यायले. मुंबईत 'राइट टू पी' मोहिमेने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला, तो आता घाटरस्त्यांपर्यंत न्यायला हवा. टपरीवरच्या आणि मोळी वाहणाऱ्या बायकांनाही त्याची तितकीच गरज आहे. वनखात्याच्या प्रत्येक कार्यालयात २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का, तिचे सदस्य कोण, याची माहिती आपण मागवावी. दुर्गम ठिकाणच्या महिला कर्मचाऱ्यांना तिच्यापर्यंत पोहोचता येतं का, हेही विचारावं.

आणि एक गोष्ट आपल्या आपल्यात. प्रत्येक गटाने वर्षातून एक दिवस प्रत्येक कार्यकर्तीला द्यावा. बैठक नाही, अहवाल नाही, कोणाला भेटायचं नाही. एस.टी.ने जा, लूनावर जा, पायी जा. गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत गेलात तरी चालेल. मागे राहणाऱ्यांनी त्या दिवशी तिची मुलं, तिचा स्वयंपाक आणि गटाचं काम वाटून घ्यावं, कारण एकीचा मोकळा दिवस दुसरीच्या अंगावर पडू लागला तर आपण काहीच बदललं नाही. शक्यतो हे वाटून घेणाऱ्यांत घरचे पुरुष असावेत.

पुढच्या अंकासाठी तुमच्या अशा दिवसांबद्दल लिहून पाठवा. कुठे गेलात, कोणी अडवलं, काय पाहिलं, घरी काय ऐकावं लागलं. लिहिता येत नसेल तर गटातल्या कोणाला सांगून लिहवून घ्या. आणि "बरोबर कोण आहे?" असं कोणी विचारलं, तर काय उत्तर दिलंत, तेही कळवा.