पिंपळाचा पार आणि बर्लिनची बाग

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या मेळाव्यात एक सूर हमखास ऐकू येतो. गाव सुटले, नदी सुटली, आमराई सुटली आणि या सिमेंटच्या नगरांत आपण माणसांना पारखे झालो, असा तो सूर. अलीकडे तो आपल्या बौद्ध कुटुंबांतही उमटू लागला आहे. प्रस्तुत लेखात या भावनेचा थोडा परखड विचार करावा, असे आम्ही योजिले आहे. निदान केल्यावाचून औषध लिहून देण्याची आम्हा वैद्यांना सवय नसते.

ज्या गावाच्या आठवणीने डोळे पाणावतात, ते गाव कोणाचे होते? आमचे आजोळ वैनगंगेच्या काठी. नदी सुंदर, धानाच्या बांध्या हिरव्यागार आणि चावडीपुढे एक विशाल पिंपळ, त्याला दगडी पार. बालपणी एका उन्हाळ्यात आजीचा हात धरून चाललो असता आम्ही त्या पारावर बसण्याचा हट्ट धरला. आजी काही बोलली नाही. तिने आमचा हात अधिक घट्ट धरला आणि पावले उचलली. तो पार आपल्यासाठी नाही, हे आम्हांस पुढे कळले. ज्या वृक्षाखाली तथागतांना संबोधी प्राप्त झाली, त्याच वृक्षाच्या सावलीचीही गावाने वाटणी करून टाकली होती.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते तहान भागविण्यासाठी नव्हे. निसर्गाने सर्वांना दिलेले पाणी माणसाने अडविले होते, ते मोकळे करण्यासाठी. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गुणगौरवावर कठोर टीका केली, तीही याच अनुभवातून. आपल्या वाडवडिलांनी शहराची वाट धरली ती हौसेने नव्हे. शहरातही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे आपल्या माणसांना बंद होती. तरीही शहराच्या गर्दीत अनोळखी होऊन चालता येत होते, आणि ज्याची ओळख हाच ज्याचा अपमान होता, त्याला अनोळखीपणा हे मोठेच वरदान होते.

हेच वरदान आम्हांला बर्लिनमध्ये पूर्णांशाने लाभले. परंतु कोणत्याही औषधाची मात्रा वाढली की त्याचे विष होते. काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री तीन महिन्यांसाठी येथे आल्या होत्या. आम्ही दिवसभर रुग्णालयात, मुले शाळेत, आणि मातोश्री चौथ्या मजल्यावरील खिडकीत. एके सायंकाळी त्या म्हणाल्या, "इथं कोणी जात नाही इचारत, बेस आहे बापू. पण इथं त कोणी काहीच नाही इचारत." आमच्या दीर्घ वैद्यकीय अनुभवात इतके अचूक निदान आम्ही क्वचितच ऐकले असेल. ज्यांच्या तपासणीत काहीच सापडत नाही आणि तरीही जे पुन्हा पुन्हा येतात, अशा वृद्ध जर्मन रुग्णांचे दुखणेही हेच असते. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन सरकारने एकाकीपणाविरुद्ध राष्ट्रीय धोरणच जाहीर केले. रोग आता सरकारदरबारी नोंदला गेला आहे.

या नगरवासीयांनी निसर्गासाठी एक उपाय फार पूर्वी शोधला होता, तो म्हणजे क्लाइनगार्टन, अर्थात छोटी बाग. लाइपझिग येथील डॉ. श्रेबर या वैद्यांनी गिरणगावातील कोंदट वस्त्यांत वाढणाऱ्या मुलांसाठी मोकळ्या हवेचा आग्रह धरला होता. १८६१ साली त्यांचे निधन झाले. १८६४ मध्ये हाउशिल्ड या मुख्याध्यापकांनी त्यांच्या नावाने संस्था काढून क्रीडांगण केले. पुढे गेझेल नावाच्या शिक्षकांनी त्याच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुले कंटाळली आणि आईबापांनी कुदळ हाती घेतली! त्यातून उभी राहिलेली ही परंपरा आज एकट्या बर्लिनमध्ये सुमारे ७०,००० बागांच्या रूपाने नांदते आहे. १९८३ च्या कायद्याप्रमाणे बाग ४०० चौरस मीटरहून मोठी नसावी, झोपडी २४ चौरस मीटरहून मोठी नसावी आणि खंडाला मर्यादा असावी. जमीन कसणाऱ्याच्या मालकीची नसते. सभासद व्हावे, कसावी आणि सोडताना दुसऱ्याच्या हाती द्यावी. वतन नाही, वारसा नाही. आमच्यासारख्यांना ही रचना आवडावी, हे स्वाभाविकच आहे.

परंतु येथेही सावध असावे. १९३३ नंतर याच बागांच्या संस्था नाझी सत्तेने आपल्या ताब्यात घेतल्या आणि ज्यू सभासदांना बाहेर काढले. सफरचंदाची झाडे तीच, माती तीच, फाटक मात्र बंद! पिंपळाचा पार आम्हांस येथेही भेटला. आणि त्याच बर्लिनमध्ये, लिश्टेनबर्ग भागातील ड्रायआइनिगकाइट नामक बागवसाहतीत, हान्स रोझेनथाल हा ज्यू तरुण १९४३ ते १९४५ अशी दोन वर्षे एका झोपडीत दडून राहिला. इडा याउख यांनी त्याला प्रथम आश्रय दिला. त्यांच्या मृत्यूनंतर मारिया शोनेबेक व एमा हार्न्ड्ट यांनी त्याला जगविले. त्या साध्यासुध्या स्त्रिया होत्या. पकडले गेल्यास काय होईल, हे त्यांना ठाऊक होते. हाच तरुण पुढे जर्मनीचा अत्यंत लोकप्रिय दूरदर्शन निवेदक झाला. १९८७ मध्ये तो निवर्तला.

तात्पर्य, निसर्ग आपोआप माणसांना जोडत नाही. तो नुसता उभा असतो. त्याच्याभोवती पार बांधायचा की फाटक उघडायचे, हे माणूस ठरवतो. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी बंधुतेला सर्वोच्च स्थान दिले, कारण स्वातंत्र्य आणि समता यांचे खरे रक्षण तीच करते. शहराने आपल्याला स्वातंत्र्य दिले, कायद्याने समता दिली. बंधुता मात्र कोणत्याही कार्यालयात अर्ज करून मिळत नाही.

पाच वर्षे प्रतीक्षायादीत काढल्यानंतर आम्हांला अशी एक बाग मिळाली. त्यापूर्वी एका वसाहतीच्या कार्यवाहांनी "तुम्ही लोक नियम पाळाल ना?" असा प्रश्न केला होता. तो आम्ही विसरलो नाही, परंतु त्यापाशी थांबलोही नाही. पुढच्या खेपेस मातोश्री आल्या, तेव्हा त्यांनी तेथे सांबार पेरला, म्हणजे आपली कोथिंबीर. कुंपण छातीएवढेच. पलीकडे निवृत्त ट्रामचालक, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी पान चुरगळून हुंगले आणि दुसऱ्या दिवशी वाडगाभर लाल योहानिसबेरी आणून दिल्या. दोघांची एकही भाषा समान नव्हती. मातोश्री परत गेल्यावर वसंत ऋतूत त्यांनी आम्हांला कुंपणावरून हाक मारली आणि विचारले, "आई कधी येणार? त्यांचे गुडघे कसे आहेत?" कोणीतरी विचारले होते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे बुद्धजयंतीला फ्रोनाऊच्या टेकडीवरील बौद्ध विहारात जातात. डॉ. पाउल डाल्के या जर्मन वैद्यांनी १९२४ साली उभारलेल्या त्या वास्तूच्या त्र्याहत्तर पायऱ्या अष्टांगिक मार्गाच्या आठ टप्प्यांत विभागल्या आहेत. पायऱ्या चढतो, वंदना घेतो आणि आपापल्या बंद सदनिकेत परततो. आमची नम्र सूचना एवढीच की परतल्यावर शेजारचे दार वाजवावे. आपल्या मुलांना गावाच्या खोट्या आठवणी सांगू नयेत, त्या पाराची खरी गोष्ट सांगावी. आणि त्यांच्या हातून एखादे रोप, कुंडीत का होईना, शेजाऱ्याच्या घरी पोहोचते करावे. आजीला जो पार मिळाला नाही, त्याची भरपाई गावात परत जाऊन होणार नाही. आपल्या फाटकाशी कोणी उभा असेल, तर ते उघडूनच ती होईल.

जय भीम!