यादीखाली नाव कोणाचं?

डिसेंबर लागला की मोबाइलमधलं गाण्यांचं ॲप आपल्या वर्षाचा हिशेब रंगीत चौकटीत मांडून देतं. किती मिनिटं ऐकलंत, कोणता गायक सर्वांत जास्त, कोणतं गाणं पहिलं. स्पॉटिफायने २०१६ पासून हा प्रकार ‘रॅप्ड’ या नावाने रुजवला आणि मग इतरांनीही उचलला. एक-दोन दिवस आपले फॅमिली ग्रुप त्याच चौकटींनी भरून जातात. मीही माझी टाकतो.

गंमत म्हणून ते छानच आहे. पण त्याला ‘माझ्या वर्षातलं सर्वोत्तम संगीत’ म्हणायला मी तयार नाही. ती मोजणी आहे. बाळाला झोपवायला रोज लावलेली अंगाई, पोळ्या लाटताना मागे चालू राहिलेली प्लेलिस्ट आणि रात्री दिवा मालवून ऐकलेलं एखादं गाणं, सगळं एकाच मापाने मोजलं जातं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. ते आवडलं का, आठवणीत राहिलं का, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

म्हणून यंदा मला एका डीजेच्या याद्यांबद्दल लिहायचंय. डीजे म्हटलं की आपल्याला मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते. मूळचा डीजे म्हणजे डिस्क जॉकी, रेडिओवर बसून पुढची तबकडी कोणती लावायची ते ठरवणारा माणूस. ब्रिटनमध्ये या जातीचा सर्वांत नावाजलेला माणूस जॉन पील. खरं नाव जॉन रेव्हन्सक्रॉफ्ट. बीबीसी रेडिओ वन १९६७ साली सुरू झालं तेव्हापासून २००४ मध्ये त्याचं निधन होईपर्यंत, म्हणजे ३७ वर्षं, तो तिथे गाणी लावत होता. अनोळखी बँड त्याला टेप आणि रेकॉर्ड पाठवत राहायचे. तो त्या ऐकायचा, आणि आवडलं तर वाजवायचा. नाव मोठं आहे का, विक्री किती झाली, हे त्याच्या लेखी दुय्यम होतं.

१९७६ साली त्याने श्रोत्यांकडून मतं मागवून वर्षअखेरीला पन्नास गाण्यांची यादी वाजवायला सुरुवात केली. तिचं नाव ‘फेस्टिव्ह फिफ्टी’. पहिल्या वर्षी लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ अव्वल आलं. ते गाणं होतं १९७१ सालचं. बाहेर पंकची नवी लाट उसळत होती आणि यादीत मात्र जुनीजाणती मंडळी बसलेली.

पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, पीलने मतं न घेता यादी स्वतःच केली. ती पन्नासावर थांबली नाही, ६१ गाण्यांवर गेली. पहिल्या क्रमांकावर त्याने ‘द मोटर्स’ या बँडचं ‘डान्सिंग द नाइट अवे’ ठेवलं. आज हा बँड फारसा कोणाच्या तोंडी नसतो. पण मला या सगळ्या याद्यांमध्ये हीच जास्त आवडते. एका माणसाने वर्षभर ऐकलं आणि शेवटी सांगितलं, मला हे आवडलं. पटत नसेल तर भांडायला समोर कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे.

१९७८ मध्ये मतदान परत आलं. सेक्स पिस्टल्सचं ‘अनार्की इन द यूके’ पहिलं आलं, आणि १९७९ व १९८० मध्येही तेच. माझ्या कामात याला फीडबॅक लूप म्हणतात. जे वर आहे ते लोकांच्या कानावर पडतं, कानावर पडतं म्हणून त्याला मतं मिळतात, मतं मिळतात म्हणून ते वर राहतं. आजच्या ‘ट्रेंडिंग’चं गणित हेच आहे. शेवटी १९८२ पासून फक्त त्या त्या वर्षातल्या गाण्यांची यादी सुरू झाली. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही कधीकधी महिनाभर शोधतो तसा उपाय इथे एका साध्या नियमाने झाला.

आपल्याकडचं उदाहरण घरातल्या आजी-आजोबांना विचारा. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री अमीन सयानी एकेक ‘पायदान’ चढत वरच्या गाण्यापर्यंत जायचे. ती यादी त्यांच्या आवडीची नव्हती. दुकानातला रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांचा कौल यांवरून ती ठरायची. म्हणजे मोजणीच. पण ती मोजणी एका ओळखीच्या आवाजातून यायची आणि देशभर सगळे एकच यादी ऐकायचे. दुसऱ्या दिवशी त्यावर वाद घालता यायचा. ॲपची यादी प्रत्येकाची वेगळी. तिच्यावर वाद कसला घालणार?

आता थोडं यंत्राबद्दल. ॲप गाणं सुचवतं ते मुख्यतः इतरांच्या ऐकण्यावरून. ज्यांनी तुमच्यासारखी गाणी ऐकली, त्यांनी आणखी काय ऐकलं, ते तुमच्यापुढे येतं. याची एक जुनी अडचण आहे, तिला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. कोणी ऐकलंच नाही अशा नव्या गाण्याची माहिती यंत्राकडे नसते, म्हणून ते सुचवलं जात नाही, आणि सुचवलं जात नाही म्हणून कोणी ऐकत नाही. त्यावर तांत्रिक उपाय आहेत, पण पहिला धक्का कोणीतरी माणसाने द्यावा लागतो, हे बरेचदा खरं ठरतं.

पील तो धक्का द्यायचा. १९८१ मध्ये शेफिल्डमधल्या काही शाळकरी पोरांनी त्याच्या हाती एक टेप दिली. त्याने ती ऐकून त्यांना बीबीसीत रेकॉर्डिंगला बोलावलं. बँडचं नाव ‘पल्प’. त्यांचा ‘डिफरंट क्लास’ हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला तो १९९५ मध्ये. मधली चौदा वर्षं कोणत्याही आकडेवारीने त्यांची शिफारस केली नसती. अशी रेकॉर्डिंग, म्हणजे ‘पील सेशन्स’, चार हजारांहून जास्त झाली.

माणूस म्हटला की दोष आलेच. १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत पैसे घेऊन तबकड्या वाजवणाऱ्या डीजेंची संसदेत चौकशी झाली आणि ॲलन फ्रीडसारख्या बड्या नावाची कारकीर्द त्यात बुडाली. पीलच्याही आवडीनिवडी ठार पक्क्या होत्या. ‘द फॉल’ या एकाच बँडची त्याने चोवीस सेशन्स केली! पण हा कल कोणाचा आहे, हे श्रोत्याला ठाऊक होतं. ॲपमधला कल कोणाचा, हे सांगायला कोणी नसतं.

हे सगळं आपल्याला का लागू आहे? इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठेही असलो तरी आपल्या घरातली मुलं हिंदी, इंग्रजी, कानडी, गुजराती, तेलुगू सगळंच ऐकतात, आणि ऐकावंही. पण आकड्यांच्या शर्यतीत छोट्या भाषेतलं, छोट्या गावातलं नवं काम नेहमी मागे पडतं. एखाद्या नव्या मराठी गायिकेचा पहिला अल्बम काही शे लोकांनी ऐकला असेल, तर ॲप तो आपणहून तुमच्या पुढ्यात आणेल अशी आशा धरू नका. तो तुमच्यापर्यंत येईल तो कोणीतरी ‘अरे, हे ऐक’ म्हटलं म्हणून.

तर यंदा घरातल्या प्रत्येकाने स्वतःची पाच अल्बमांची यादी करावी, असं मी सुचवतो. आधी ॲपचा हिशेब बघायचा नाही, आठवणीतून लिहायचं. प्रत्येक नावापुढे एक वाक्य, का आवडलं याचं. पाचातला एक अल्बम असा हवा जो घरात इतर कोणी ऐकलेला नाही, आणि एक तरी आपल्या भाषेतला, गेल्या दोन-तीन वर्षांतला. मग ३१ तारखेला रात्री प्रत्येकाने आपल्या यादीतलं एक गाणं लावायचं आणि बाकीच्यांनी मधेच न बदलता ते पूर्ण ऐकायचं. आजोबांचं नाट्यगीत असो की नातीचं के-पॉप.

आणि कागदाच्या खाली आपलं नाव लिहायला विसरू नका.