बियाणं कोणाच्या हातात?

गच्चीवर टमाटर लावा म्हटलं की आपल्यातले काही जण हसतात. बाबासाहेबांनी खेडं सोडायला सांगितलं आणि तुम्ही आम्हाला पुन्हा मातीत हात घालायला सांगता? आक्षेप रास्त आहे. सेंद्रिय शेतीच्या नावाखाली जुन्या गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा आम्हालाही तितकाच राग येतो. त्या गावगाड्यात बी पाटलाच्या कणगीत असायचं आणि राबणारे हात आपले. म्हणूनच हा विषय त्या मंडळींवर सोडून देणं आम्हाला मान्य नाही.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिलं. शेतजमीन राज्याच्या मालकीची करून, जातधर्म न पाहता, गावकऱ्यांना सामूहिकपणे कसायला द्यायची, हा त्यातला भाग आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्याच योजनेत पाणी, जनावरं, अवजारं, खत आणि बियाणं पुरवण्याची जबाबदारीही राज्यावर टाकली आहे. हे फारसं कोणी सांगत नाही. नुसता सातबारा नावावर झाला आणि बियाण्यासाठी दर हंगामाला सावकाराच्या दारात उभं राहावं लागलं, तर ती कसली मालकी?

आज बी पाकिटात येतं. संकरित टमाटर वाईट असं आम्ही म्हणत नाही. उत्पन्न जास्त, काही वाण रोगालाही टिकतात. पण त्याचं बी धरून लावलं तर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत, म्हणून दरवर्षी नवं पाकीट घ्यावंच लागतं. आणि ते पाकीट तयार कसं होतं? बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये भाज्यांचं संकरित बी घेतलं जातं. टमाटराचं फूल उमलण्याआधी चिमट्याने त्यातले पुंकेसर काढायचे, मग दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. एकेका फुलाला, हाताने. हे काम बहुतेक बायाच करतात. त्यांच्या बोटांत असलेल्या कौशल्याला मजुरी म्हणतात आणि कंपनीच्या कागदावरच्याला संशोधन! पाकिटाच्या किमतीतलं त्या बाईच्या हाती किती पडतं, हे आपल्या संघटनांनी विचारलं पाहिजे.

घरी मात्र सरळ वाण लावा. चटणीला, रश्शाला गराचं, कमी पाण्याचं, लांबट भेदरं हवं. रोमा किंवा लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचं पंजाब छुहारा त्या जातीचं. रोमा बुटकं राहतं, रंगाच्या रिकाम्या वीस लिटरच्या डब्यात मावतं. फक्त डब्याच्या बुडाला भोकं पाडा. नागपुरात ऑगस्टअखेर रोप टाकायचं, सप्टेंबरअखेर डब्यात लावायचं. डिसेंबर ते फेब्रुवारी फळं मिळतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात फुलं गळतात, तेव्हा बियांसाठी थांबू नका.

सगळ्यात निरोगी झाडाचं फळ पूर्ण लाल होऊ द्या. गर आणि बिया ग्लासात काढून दोन-तीन दिवस तसंच ठेवा. वर बुरशीचा पापुद्रा येतो, वास सुटतो, घाबरायचं नाही. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण त्याने सुटतं. मग पाणी घालून ढवळा. भरीव बी तळाशी बसतं, पोकळ वर तरंगतं. तळाचं धुऊन ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर टाकलं तर चिकटून बसतं. पूर्ण वाळलेलं बी बंद बाटलीत चार वर्षं सहज टिकतं.

टमाटराचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे गच्चीवरही वाण शुद्ध राखता येतो. यासाठी पदवी लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, शाळेत न गेलेल्या आदिवासी शेतकरी, देशी बियाण्यांच्या कामासाठी २०२० च्या पद्मश्री यादीत होत्या.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा, विकण्याचाही हक्क देतं. संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून मात्र विकता येत नाही. कार्यकर्त्यांनी हे कलम पाठ करावं.

तेव्हा १४ एप्रिलला पुस्तकांच्या स्टॉलवर बियांच्या पुड्याही ठेवू. पुडीवर वाणाचं नाव, वस्ती आणि साल. नेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. पुढच्या १४ एप्रिलला त्याने दोन पुड्या आणून द्यायच्या.