कुलूपबंद घरांचा हिशेब

1936 साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा कौल अजमावण्यासाठी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. त्यांपैकी 23 लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यांच्या आधारे लँडन यांना 57 टक्के मते मिळतील, असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट सुमारे 61 टक्के मते मिळवून विजयी झाले आणि 48 राज्यांपैकी अवघी दोन लँडन यांच्या पदरी पडली. दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांमुळे हा घोटाळा झाला, असे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. ज्यांना मतपत्रिका मिळाल्या, पण ज्यांनी त्या परत पाठविल्या नाहीत, त्यांच्यात रूझवेल्टसमर्थकांचे प्रमाण अधिक होते, असे पुढील संशोधनातून दिसून आले. म्हणजे जे बोलले त्यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व जे गप्प राहिले त्यांना होते.

या जुन्या कथेचा आपल्या देशातील दारिद्र्याच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. महालनोबीस यांच्या प्रेरणेने 1950 साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्याच आकड्यांवर दांडेकर आणि रथ यांनी 1971 साली भारतातील दारिद्र्याचा प्रबंध उभा केला. या पाहणीची परंपरा अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. तथापि निवडलेल्या घरी माहिती मिळाली नाही, तर त्याऐवजी दुसरे घर घेण्याची तरतूद तिच्या कार्यपद्धतीत राहिलेली आहे. कारणही नोंदले जाते : घरातील माणसे कामात होती, बाहेरगावी होती, किंवा सहकार्यास तयार नव्हती. बदली घर घेतल्याने नमुन्याची संख्या पुरी होते. पण गेलेले घर आणि आलेले घर सारखेच होते, असे कोणी सांगावे?

बीड जिल्ह्यातील एखाद्या गावाचे उदाहरण घ्यावे. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि वसंतापर्यंत त्यांच्या घरांना कुलूप असते. त्या काळात पाहणी करणारा कर्मचारी गावात आला, तर त्याला दार उघडे सापडेल ते गावात राहू शकणाऱ्याचे. फडाजवळच्या खोपीत ऊसतोड कामगारांची नोंद होईलच, याचीही शाश्वती नसते. शिडीच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या शहरांतील बंगले आणि उंच इमारती आहेत. तेथे पहारेकरी फाटकातूनच परत पाठवितो. उत्पन्न वाढत जाते तसतसे पाहणीस सहकार्य करण्याचे प्रमाण घटते, हे अमेरिकेतील आकडेवारीवरून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. अशा रीतीने दोन्ही टोके झिजतात आणि विषमता कागदावर सौम्य होते.

गळालेली माहिती कशी भरून काढावी, हा म्हणूनच निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. नमुना पाहणीतून निघणारा एकूण उपभोगखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातील खर्चापेक्षा कमी भरतो. या तफावतीची कारणे अनेक आहेत, परंतु श्रीमंतांचा न सापडलेला खर्च हे त्यांपैकी एक मानले जाते. नियोजन मंडळाने ही तफावत कशी मिटविली? प्रत्येक कुटुंबाचा खर्च एकाच प्रमाणात वाढवून! दार उघडले नाही धनिकाने, आणि त्याच्या खर्चाचा वाटा कागदोपत्री चढला मजुराच्या ताटात. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने 1993 साली ही पद्धत त्याज्य ठरविली. 1987-88 साठी नियोजन मंडळाचा दारिद्र्याचा आकडा 29.9 टक्के होता, तो तज्ज्ञगटाच्या हिशेबात 39.3 टक्के झाला. या फरकात किंमत निर्देशांक बदलल्याचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही पोकळी भरण्याच्या रीतीमागे एक गृहीतक असते आणि त्या गृहीतकाची किंमत गरिबाला मोजावी लागू शकते, हा धडा विसरता येणार नाही.

साधे गणित पाहावे. 1000 कुटुंबांपैकी 800 कुटुंबांनी उत्तर दिले आणि त्यांतील 320 जणांनी ‘काम मिळत नाही’ असे सांगितले, तर अहवालात 40 टक्के हा आकडा येईल. परंतु न बोललेल्या 200 कुटुंबांपैकी सर्वांनाच काम नसेल, तर खरे प्रमाण 52 टक्के. सर्वांनाच असेल, तर 32 टक्के. नमुना कितीही मोठा केला, तरी ही अनिश्चितता दूर होत नाही. ती दूर करण्याचा खात्रीचा मार्ग हान्सेन आणि हर्विट्झ यांनी 1946 सालीच दाखविला : न बोललेल्यांतून छोटा नमुना निवडावा आणि पुनःपुन्हा जाऊन त्याची माहिती मिळवावी. संख्याशास्त्राने त्यानंतर पुष्कळ प्रगती केली. रुबिन यांनी 1976 साली मांडलेल्या विचाराचा गाभा एवढाच की, माहिती का गळाली हे समजल्यावाचून ती भरून काढण्याची कोणतीही युक्ती निर्धोक नसते. परंतु पुन्हा जाण्यास वेळ आणि पैसा लागतो, कायम नोकरीतील अनुभवी कर्मचारी लागतात. कंत्राटी माणसाला भरलेल्या प्रश्नावल्यांच्या संख्येवर मोजले की तो शेजारच्या दारी जाणारच. दोष त्याचा नसून व्यवस्थेचा आहे.

म्हणून पुरोगामी कार्यकर्त्यांनी सरकारी आकड्यांवर सरसकट अविश्वास दाखविणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास आपल्याच हातातील हत्यार बोथट होईल. मागणी नेमकी हवी : प्रत्येक पाहणीच्या पहिल्या पानावर किती घरे बदलली, ती कोणत्या भागातील व कोणत्या थरातील, आणि का बदलली, हे छापले जावे, स्थलांतरितांच्या वस्तीवर स्वतंत्र पाहणी व्हावी. हीच शिस्त कार्यकर्त्यांनी स्वतःच्या वस्ती-पाहणीतही पाळावी. सभेला येणाऱ्यांच्याच घरी प्रश्नावली नेली, तर उत्तरे मनासारखी येतील, पण ती वस्तीची नसतील. दार बंद आढळले, तर वहीत ‘कुलूप’ असे लिहावे, कारण विचारावे, आणि रात्री किंवा हंगाम संपल्यावर पुन्हा जावे. कारण ज्याची नोंद होत नाही, त्याची मागणीही कोणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.