कौतुक करायला काय जातं?

तर झालं असं, की गेल्या रविवारी भाचा आमच्याकडे मोहोपाड्याला आला होता. शाळेत विमानांवर प्रकल्प दिलाय. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून आमच्याकडे लहानथोर सगळ्यांच्या तोंडी विमानच आहे. वही उघडली तर पहिलंच वाक्य : 'जगातील पहिले विमान १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर उडवले.'

"कुठे वाचलंस?"

"आजोबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर."

मी पुरावा मागितला आणि अण्णा भडकले. "आपल्या माणसाचं कौतुक करायला तुझं काय जातं रे?"

जेवणावर बसून वाद नको म्हणून गप्प बसलो. पण काय जातं, ते आता इथे सांगतो.

मुळात ही गोष्ट नीट वाचा. गोष्टीतच म्हटलंय, की ते विमान माणसाशिवाय उडालं, दीडेक हजार फूट चढलं आणि खाली पडलं. म्हणजे सगळं खरं धरलं तरी राइट बंधूंशी तुलना होतच नाही! १७ डिसेंबर १९०३ च्या त्या पहिल्या उड्डाणाचं महत्त्व हे, की यंत्रावर माणूस होता आणि यंत्र त्याच्या ताब्यात होतं. १२ सेकंद, १२० फूट. बिनमाणसाचं इंजिनवालं विमान तर अमेरिकेत लँगलीने ६ मे १८९६ ला उडवलं होतं, तीन हजार फुटांवर लांब. त्याचा फोटोसुद्धा आहे. तरी लँगलीला कोणी पहिला वैमानिक म्हणत नाही.

बरं, चौपाटीवर न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज हजर होते म्हणे. 'केसरी'त बातमी आली म्हणे. मग ते कात्रण कुठाय? अंकाची तारीख? इतकी वर्षं हे फॉरवर्ड येताहेत, कात्रण मात्र एकदाही आलेलं नाही. इंग्रजांनी दडपलं म्हणाल, तर मुंबईत तेव्हा मराठी-गुजराती पत्रं काय कमी होती? आणि टिळक दडपले जाणाऱ्यांपैकी होते?

राहिलं 'वैमानिक शास्त्र'. भरद्वाज ऋषींचा ग्रंथ म्हणून सांगतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये तो तपासला. निष्कर्ष असा, की ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत. ही परीक्षा घेणारे आपलेच लोक, आपल्याच देशातले, विमानविद्या शिकवणारे. त्यांचं कौतुक का नाही?

तळपद्यांबद्दल मला राग नाही. उलट त्या काळात मुंबईतला एक संस्कृत जाणणारा मराठी माणूस उडण्याच्या ध्यासाने झपाटतो, हेच केवढं आहे! पण त्यांनी नेमकं काय केलं, हे शोधायची तसदी कोणी घेत नाही. आपल्याला तळपदे नकोच आहेत. राइट बंधूंना हरवायला एक नाव हवंय, इतकंच.

आता खरं काय जातं ते. भाच्याला विचारलं, "अमोल यादव कोण?" माहीत नाही. अण्णांनाही नाही. अहो, या वैमानिकाने कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं! फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, उडवायचा परवाना मिळायला २०१९ चा ऑक्टोबर, आणि धुळ्याला चाचणी-उड्डाणं झाली २०२० मध्ये. तयार विमान जमिनीवर आणि माणूस कागद घेऊन दारोदार. त्या वर्षांत तळपद्यांचे फॉरवर्ड मात्र बिनपरवाना उडत होते. २०१५ च्या जानेवारीत तर मुंबईतच सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला!

तर अण्णा, हे जातं. न घडलेल्या पराक्रमावर फुकटची छाती फुगवली, की घडणाऱ्या पराक्रमाला लागणारा धीर आणि पैसा द्यायची गरजच वाटत नाही. आणि पोराला वाटतं, शोध म्हणजे पूर्वजांनी लावून ठेवलेली आणि कोणीतरी चोरून नेलेली वस्तू. मग तो कशाला हाताला ग्रीस लावून घेईल?

भाच्याने ते वाक्य खोडलं नाही. 'असे म्हणतात' एवढं जोडलं, आणि खाली गच्चीवरच्या विमानाबद्दल अर्धं पान लिहिलं. मग संध्याकाळभर आमच्या गच्चीची लांबी-रुंदी मोजत होता.

अण्णा अजून बोलत नाहीत. असो. ते हा ब्लॉग वाचतात, हे मला माहीत आहे. कात्रण सापडलं तर त्यांनी जरूर दाखवावं. पहिला हार मीच घालीन.