मजबूत हात कुणाचा?

परवा चिखलदऱ्यात, गाविलगडाच्या वाटेवर चहा पिताना एक तरुण दोस्त म्हणाला, “देशाला आता स्टॅलिनच हवा.” भाई, मग हिशेब ऐक.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांसोबत मॉस्कोला गेले होते. खानखोजे पुढे मेक्सिकोला गेले, म्हणून वाचले. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ नंतर सोव्हिएत देशातच स्थायिक झाले. १९३७ साली त्यांना गोळी घातली. १९३७-३८मध्ये सरकारी नोंदींप्रमाणेच ६,८१,००० हून अधिक माणसे मारली गेली. कोणत्या प्रांतात किती, याचा कोटा वरून यायचा. ‘जनतेचा शत्रू’ एवढा शिक्का पुरे असे.

मे १९४४मध्ये क्रिमियाचे सगळे तातार मुसलमान गद्दार ठरले. तीन दिवसांत सुमारे १,९०,००० लोक, बायकापोरांसह, मालगाड्यांत कोंबले. लाल सैन्यात लढलेल्यांनाही सोडले नाही.

अख्ख्या समाजावर गद्दारीचा शिक्का बसतो तेव्हा काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग तो शिक्का मारणारा हात आपल्याला मजबूत कसा वाटतो? आणि आपल्यातच प्रश्न विचारणाऱ्याला ‘कौमचा दुश्मन’ म्हणतो, तेव्हा आपल्या हातात दुसरे काय असते?