मागणी कचेरीची नव्हे, अधिकाराची हवी

लातूर आणि नांदेड-वाघाळा या दोन्ही महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्यापूर्वीची सभागृहे २०१७ साली निवडून आली होती आणि त्यांची मुदत २०२२ मध्येच संपली होती. मधली तीन वर्षांहून अधिक काळ दोन्ही शहरांचा कारभार शासननियुक्त प्रशासकांच्या हाती होता. अंदाजपत्रके मंजूर होत राहिली, ठेके दिले गेले. मात्र त्यांचा जाब विचारणारे सभागृहच नव्हते.

आता सभागृहे आली आहेत. राज्य विधिमंडळाकडे त्यांनी सर्वप्रथम काय मागावे, हा खरा प्रश्न आहे. मराठवाड्यातील शहरांना मागण्यांची सवय नाही असे नाही; पण ती सवय बहुधा निधीची, योजनेची वा कचेरीची आहे. २००९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नांदेडला नवे विभागीय आयुक्तालय देण्याचे ठरविले, तेव्हा लातूर विरोधात रस्त्यावर उतरले. वर्षानुवर्षे हा वाद भिजत पडला आणि दोन शेजारी शहरे एकमेकांकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहू लागली. वास्तविक आयुक्तालय ही शासनाचीच कचेरी होय. ती कोठेही बसली तरी नगरपित्यांच्या अधिकारात तसूभरही भर पडणार नव्हती.

यास्तव कायद्यातील बदलांचा क्रम दोन्ही महापालिकांनी एकत्र बसून ठरविणे अगत्याचे आहे. त्यात अग्रक्रम निवडणुकीच्या मुदतीला हवा. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली किशनसिंग तोमर प्रकरणात तेच बजावले. तरीही आरक्षणाचा न्यायालयीन वाद चालू असता मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे घेतला. इतर मागास वर्गाच्या आरक्षणाची मागणी न्याय्य होती. पण तिच्यासाठी लागणारी माहिती वेळेत गोळा न करण्याची शिक्षा मतदारांना भोगावी लागली. प्रभागरचना पुन्हा आयोगाकडे सोपविणे, ही पहिली मागणी असली पाहिजे.

दुसरी मागणी उत्पन्नाची. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला. २०१७ च्या कायद्याने महापालिकांना वस्तू व सेवा कराच्या काळात भरपाई दिली. तिचे गणित २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरसाल ८ टक्के वाढीचे आहे. म्हणजे लातूरच्या डाळीच्या बाजारात उलाढाल कितीही वाढली, तरी तिचा वाटा त्या प्रमाणात शहराच्या तिजोरीत येत नाही. भरपाई ही गेलेल्या उत्पन्नाची असते; वाढत्या शहराला राज्याच्या करउत्पन्नात कायद्याने ठरलेला हिस्सा लागतो. केरळने १९९६ पासून योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा मार्ग धरला, हे उदाहरण समोर आहे.

तिसरी मागणी उत्तरदायित्वाची. १९४९ च्या महापालिका अधिनियमानुसार आयुक्ताची नेमणूक शासन करते आणि कारभाराची सूत्रे त्याच्या हाती राहतात. कलम ४५१ अन्वये सभागृहाचा ठराव शासन निलंबित वा रद्द करू शकते. ज्याला निवडून दिले त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याला लोकांनी निवडलेले नाही, अशी ही रचना आहे. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली ती नेमकी या विसंगतीवर. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदविले, पण ते प्रत्यक्ष सोपविणे राज्याच्या मर्जीवर राहिले.

पाण्याचा विषय त्याच यादीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाणी होते ५ लाख लिटर. तहानेचा जाब लोकांनी नगरसेवकाला विचारला. धरणातील पाण्याचे वाटप मात्र नगरसेवकाच्या हाती कधीच नव्हते. नांदेड ज्या विष्णुपुरी जलाशयाचे पाणी पिते, तेथेही पाण्याचा धनी पाटबंधारे खातेच आहे. पिण्याच्या पाण्याचे आरक्षण ठरविताना महापालिकेला कायदेशीर स्थान मिळावे, ही चौथी मागणी.

महापालिका भ्रष्ट असतात, त्यांना अधिकार कशाला द्यायचे, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. ठेकेदारी आणि टक्केवारी यांनी अनेक सभागृहे पोखरली आहेत. पण प्रशासकाच्या काळात चर्चेची जागाच नाहीशी झाली, भ्रष्टाचार नाहीसा झाल्याचा पुरावा कोणी दिला नाही. उपाय अधिकार काढून घेणे हा नसून लोकांची पाळत वाढविणे हा आहे. क्षेत्रसभेची तरतूद अधिनियमात आहे; ती प्रत्यक्षात आणण्यासाठी शासनाच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. सभागृहात संख्या नसली तरी वस्त्या, बाजारपेठा, कामगारांचे नाके आणि महाविद्यालये आहेत. या चार मागण्या तेथे नेऊन त्यांचे ठराव दोन्ही महापालिकांकडून करून घ्यावे लागतील. लातूर आणि नांदेड ज्या दिवशी एकाच कागदावर सही करतील, त्या दिवशी मुंबईला तो कागद वाचावा लागेल.